नेस्टेड सिक्वेन्स: संकलकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे प्रामुख्याने ॲडोबी प्रीमिअर प्रो हे व्हिडिओ संकलनाचे सॉफ्टवेअर समोर ठेवून लिहिली आहेत, कारण लग्नाच्या फिल्मपासून छोट्या माहितीपटापर्यंतची कामे करणारे माझ्या ओळखीतले बहुतेक संकलक त्यावरच बसतात. इतर सॉफ्टवेअरमधील याच सोयींची नावे वेगळ्या उत्तरात दिली आहेत. मेनूंमधील आज्ञा पडद्यावर जशा दिसतात तशाच, फक्त देवनागरीत लिहिल्या आहेत.

नेस्टेड सिक्वेन्स म्हणजे नेमके काय?

टाइमलाइन म्हणजे चित्र आणि आवाजाचे तुकडे, अर्थात क्लिप, क्रमाने रचण्याची जागा, आणि अशी एक पूर्ण रचना म्हणजे सिक्वेन्स. टाइमलाइनवरील काही क्लिप निवडून उजव्या क्लिकच्या मेनूतून ‘नेस्ट’ ही आज्ञा दिली, की त्या क्लिप एका नव्या सिक्वेन्समध्ये जातात आणि मूळ टाइमलाइनवर त्यांच्या जागी एकच हिरवी पट्टी उरते. त्या पट्टीवर डबल क्लिक केली, की आतील सिक्वेन्स स्वतंत्र टॅबमध्ये उघडतो. प्रोजेक्ट पॅनेलमधून, म्हणजे प्रोजेक्टमधील सर्व क्लिप आणि सिक्वेन्सची यादी दाखवणाऱ्या खिडकीतून, एखादा तयार सिक्वेन्स उचलून दुसऱ्या सिक्वेन्सच्या टाइमलाइनवर टाकला तरी हेच घडते; किंबहुना ‘नेस्ट’ ही आज्ञा म्हणजे त्याच गोष्टीचा जवळचा रस्ता आहे.

नवशिक्यांना नेस्ट हे क्लिपचे गाठोडे वाटते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. गाठोड्याला स्वतःचे माप नसते, नेस्टला असते. त्याची फ्रेम किती रुंद आणि किती उंच, सेकंदाला फ्रेम किती, एकूण लांबी किती आणि आवाजाचे चॅनेल किती, या चारही गोष्टी त्याच्या स्वतःच्या असतात आणि आत टाकलेली प्रत्येक क्लिप आधी त्या मापांतून गाळून निघते, मगच बाहेरच्या टाइमलाइनला दिसते. ‘नेस्ट’ आज्ञेने तयार झालेला सिक्वेन्स लांबी सोडून ही मापे मूळ टाइमलाइनकडून जशीच्या तशी घेतो, म्हणून सुरुवातीला काही बिघडल्याचे जाणवत नाही. पुढील निम्म्याहून अधिक प्रश्नांचे मूळ याच परिच्छेदात आहे.

क्लिपचा ग्रुप करणे आणि नेस्ट करणे यांत फरक काय?

ग्रुप केल्याने क्लिप एकत्र निवडल्या जातात आणि एकत्र सरकतात, एवढेच. त्यांच्यावर मिळून एकच इफेक्ट लागत नाही. केवळ काही क्लिप चुकून हलू नयेत एवढाच हेतू असेल, तर ग्रुप पुरेसा आहे. त्यासाठी नेस्ट करू नये.

नेस्ट करण्याची खरी गरज कधी पडते?

टाइमलाइन नीटनेटकी दिसावी म्हणून नेस्ट करणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ते सर्वांत दुबळे कारण आहे, कारण वरून स्वच्छ दिसणाऱ्या टाइमलाइनच्या आत काय दडले आहे, हे तीन महिन्यांनी स्वतःलाही आठवत नाही. खरी गरज पडते ती क्रमासाठी. प्रीमिअरमध्ये एकाच क्लिपवर आधी बाकीचे इफेक्ट लागू होतात आणि शेवटी ‘मोशन’, म्हणजे स्थान, आकार आणि फिरवणे, लागू होते. हा क्रम बदलता येत नाही. आपल्याला तो उलटा हवा असेल, तर पहिले काम नेस्टच्या आत आणि दुसरे काम नेस्टवर, अशी वाटणी करावी लागते.

एक उदाहरण जवळून पाहू. आजी-आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो लंबगोल चौकटीत बसवायचा आहे. चौकट पडद्यावर स्थिर राहावी आणि आतील फोटो मात्र हळूहळू आजोबांच्या चेहऱ्याकडून आजींच्या चेहऱ्याकडे सरकावा, अशी कल्पना आहे. फोटोच्या ‘ओपॅसिटी’खाली लंबगोल मास्क, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग दिसू देणारी आकृती, काढला आणि ‘मोशन’च्या ‘पोझिशन’ला कीफ्रेम, म्हणजे कोणत्या क्षणी चित्र कुठे असावे याच्या खुणा, दिल्या, तर फोटोबरोबर मास्कही सरकतो आणि चौकट पडद्यावरून चालू लागते. मग मास्क उलट्या दिशेने सरकवून तोल साधण्याचा उद्योग सुरू होतो आणि त्यात दुपार जाते. त्याऐवजी फोटोला ‘पोझिशन’च्या कीफ्रेम द्याव्यात, तो नेस्ट करावा आणि लंबगोल मास्क नेस्टच्या पट्टीवर काढावा. आत फोटो सरकतो, बाहेर चौकट जागची हलत नाही.

याच कामासाठी ‘मोशन’ऐवजी ‘ट्रान्सफॉर्म’ हा इफेक्ट वापरूनही काही वेळा नेस्ट टाळता येतो, कारण तो इफेक्टांच्या यादीत हवा तिथे ठेवता येतो. मात्र चार-पाच फोटो एकाच चौकटीतून एकामागून एक जायचे असतील, तर नेस्टच सोयीचा पडतो.

थरथरते चित्र स्थिर करणारा ‘वॉर्प स्टॅबिलायझर’ हा इफेक्ट लावताना दोन प्रकारचे इशारे येतात. त्यांचा नेस्टशी काय संबंध?

पहिला इशारा सांगतो, की क्लिपचे आणि सिक्वेन्सचे माप जुळत नाही. आपल्याकडे चित्रीकरण ३८४०×२१६०चे आणि सिक्वेन्स १९२०×१०८०चा असणे हे नेहमीचेच आहे, त्यामुळे हा इशारा जवळपास प्रत्येकाने पाहिलेला असतो. क्लिप ५० टक्क्यांवर बसवून नेस्ट केली, की नेस्टचे माप १९२०×१०८० होते आणि स्टॅबिलायझर त्याच्यावर निमूटपणे चालतो.

दुसरा इशारा सांगतो, की वेग बदललेल्या क्लिपवर स्टॅबिलायझर चालत नाही. इथेही उपाय नेस्टचाच आहे, पण आत काय आणि बाहेर काय याला महत्त्व आहे. वेग आत बदलावा आणि स्टॅबिलायझर बाहेर, नेस्टवर लावावा. उलट केले, म्हणजे स्टॅबिलायझर आत ठेवून नेस्टचाच वेग कमी केला, तर पुढील प्रश्नात सांगितलेले झटके नशिबी येतात.

नेस्टचा वेग निम्मा केला, तर चित्र झटके खात चालते. मूळ क्लिप तर सेकंदाला ५० फ्रेमची होती. मग असे का?

कारण नेस्टच्या बाहेर त्या ५० फ्रेम पोहोचतच नाहीत. टीव्हीच्या पाल पद्धतीपासून आपल्याकडे २५ फ्रेमचा सिक्वेन्स रुळलेला आहे. अशा सिक्वेन्समध्ये ५० फ्रेमची क्लिप नेहमीच्या वेगाने ठेवली, की तिची एक आड एक फ्रेम गाळली जाते. क्लिपवर थेट ‘स्पीड’ ५० टक्के केले असते, तर गाळलेल्या फ्रेम परत मिळाल्या असत्या आणि वधूवर पडणाऱ्या अक्षता रेशमासारख्या तरंगल्या असत्या. आपण मात्र आधी नेस्ट केला. त्या नेस्टचा फ्रेम रेटही २५च आहे, म्हणजे तो बाहेर सेकंदाला २५ फ्रेमच देतो. त्याचा वेग निम्मा केला, की प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे नेस्टमध्ये शिरून मूळ क्लिपचाच वेग कमी करावा. दुसरा म्हणजे ५० फ्रेमचा वेगळा सिक्वेन्स तयार करून त्यात क्लिप रचाव्यात आणि तो सिक्वेन्स २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकून मंद करावा. अनेक क्लिपचा मिळून एकच प्रसंग मंद करायचा असेल, तेव्हा हा दुसरा उपाय सोयीचा पडतो.

४के चित्र नेस्ट करून मोठे केले, की धूसर का होते?

वेगाच्या बाबतीत जे घडले, तेच इथे आकाराच्या बाबतीत घडते. ३८४०×२१६०ची क्लिप १९२०×१०८०च्या सिक्वेन्समध्ये ५० टक्क्यांवर बसवली आहे असे समजा. त्या क्लिपचा आकार थेट १०० टक्के केला, तर चित्र दुप्पट मोठे दिसते आणि तरीही प्रत्येक पिक्सेल मूळ चित्रीकरणातलाच असतो. पण तीच क्लिप नेस्ट करून नेस्टचा आकार २०० टक्के केला, तर आपण १९२०×१०८०चे चित्र ताणत असतो. एका पिक्सेलचे चार होतात. मूळ फाइल ४के आहे हे बाहेरच्या टाइमलाइनला ठाऊकच नसते.

झूम पुढे लागणार हे आधीच माहीत असेल, तर नेस्टचा सिक्वेन्स ३८४०×२१६०चाच ठेवावा आणि बाहेर तो ५० टक्क्यांवर बसवावा. आधी तयार झालेल्या नेस्टचे माप ‘सिक्वेन्स सेटिंग्ज’मधून नंतरही वाढवता येते, परंतु आतील क्लिप ५० टक्क्यांवरच राहतात आणि मोठ्या फ्रेमच्या मध्यभागी टपाल तिकिटासारख्या दिसतात, त्या प्रत्येकीला १०० टक्क्यांवर नेणे हे आपले काम आहे.

जाता जाता आणखी एक. ‘स्केल टू फ्रेम साइज’ आणि ‘सेट टू फ्रेम साइज’ या दोन आज्ञांची नावे भावंडांसारखी असली, तरी स्वभाव वेगळे आहेत. पहिली आज्ञा चित्र सिक्वेन्सच्या मापाला आणून तिथेच थांबते, त्यामुळे नंतर मोठे केल्यास धूसरता येते. दुसरी फक्त ‘स्केल’चा आकडा बदलते आणि मूळ पिक्सेल शाबूत ठेवते. शक्यतो दुसरीच वापरावी.

आडव्या फिल्ममधून उभे रील काढताना नेस्ट वापरावा का?

पूर्ण झालेला आडवा सिक्वेन्स उचलून १०८०×१९२०च्या उभ्या सिक्वेन्समध्ये टाकणे हा सर्वांत झटपट मार्ग आहे आणि आकडेमोड केली, तर तो कुठे फसतो हेही दिसते. १०८० उंचीचे चित्र १९२० उंचीला भिडवायचे, तर ते सुमारे १७८ टक्के करावे लागते, म्हणजे धूसरता आलीच. मूळ सिक्वेन्स २१६० उंचीचा असेल, तर ८९ टक्के पुरतात आणि चित्र स्वच्छ राहते.

परंतु रिळाचा खरा प्रश्न रचनेचा असतो. एका शॉटमध्ये नवरदेव डावीकडे, पुढच्यात उजवीकडे. सगळा सिक्वेन्स एकच पट्टी म्हणून आत आला, तर कट आल्यावर जागा बदलण्यासाठी ती पट्टी प्रत्येक कटावर कापत बसावे लागते. अशा वेळी नेस्ट नकोच. टाइमलाइनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटे बटण असते, ज्याने सिक्वेन्स नेस्ट म्हणून यावा की सुट्या क्लिप म्हणून, हे ठरते. ते बंद करून आडवा सिक्वेन्स उभ्या टाइमलाइनवर ओढला, की सगळ्या क्लिप सुट्या येतात आणि प्रत्येक शॉट आपापल्या जागी सरकवता येतो. काम झाल्यावर बटण पुन्हा चालू करायला विसरू नये. पुढच्या वेळी नेस्ट का होत नाही म्हणून आपणच चक्रावतो.

नव्या मापासाठी प्रत्येक शॉटची चौकट आपोआप जुळवणारी ‘ऑटो रिफ्रेम सिक्वेन्स’ ही आज्ञा वापरणाऱ्यांना तिथेही नेस्टविषयी प्रश्न विचारला जातो. क्लिप नेस्ट केल्या, तर आपण आधी दिलेल्या ‘मोशन’च्या कीफ्रेम टिकतात, पण ट्रान्झिशन, म्हणजे एका क्लिपमधून दुसरीत जाण्याचे इफेक्ट, जातात, नेस्ट न केल्यास याच्या उलट होते.

एकच नेस्ट तीन ठिकाणी वापरला. एका ठिकाणी बदल केला, तर तिन्हीकडे का बदलला?

कारण ते तीन नेस्ट नाहीतच. एकाच सिक्वेन्सकडे पाहणाऱ्या तीन खिडक्या आहेत. टाइमलाइनवर पट्टी कॉपी-पेस्ट केल्याने आतील सिक्वेन्सची प्रत होत नाही.

हा धडा मी फुकट शिकलो नाही. एका कुटुंबाच्या साखरपुड्याची आणि लग्नाची अशा दोन फिल्म एकाच प्रोजेक्टमध्ये केल्या होत्या. सुरुवातीला गणपतीचे चित्र, त्याखाली दोघांची नावे आणि तारीख, असा नेस्ट साखरपुड्यासाठी केला आणि लग्नाच्या टाइमलाइनवर तोच पेस्ट करून आत तारीख बदलली. साखरपुड्याची फिल्म आधीच देऊन झाली होती, त्यामुळे काही कळले नाही. पुढे त्यांनी साखरपुड्याच्या फिल्ममधील एक गाणे बदलून मागितले. मी गाणे बदलले, एक्सपोर्ट केली आणि पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी वधूच्या मामांचा फोन आला: ‘‘अहो, साखरपुडा आणि लग्न आम्ही एकाच दिवशी उरकल्याचं आम्हालाच आठवत नाही!’’

स्वतंत्र प्रत हवी असेल, तर प्रोजेक्ट पॅनेलमध्ये त्या सिक्वेन्सवर ‘डुप्लिकेट’ द्यावे, प्रतीला ताबडतोब वेगळे नाव द्यावे, मग टाइमलाइनवरील पट्टी निवडून ‘रिप्लेस विथ क्लिप’मधून ती प्रत बसवावी. नेस्टच्या आत आणखी नेस्ट असेल, तर आतील नेस्टची प्रत या क्रियेने होत नाही. ती वेगळी करावी लागते. माझ्यासारखी फजिती दुसऱ्यांदा होते ती बहुधा इथेच.

हाच गुण अनेकदा हवाहवासा असतो हेही नोंदवले पाहिजे. एखाद्या मालिकेच्या बारा भागांना एकच शीर्षकपट्टी असेल आणि प्रायोजकाचे बोधचिन्ह बदलले, तर एका नेस्टमध्ये बदल करून बाराही भाग सुधारतात. मात्र नुसत्या नावांच्या पट्ट्यांसाठी, जिथे रचना तीच पण मजकूर दरवेळी वेगळा असतो, मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट, म्हणजे मजकूर बदलता येणारा तयार साचा, वापरावे.

नेस्टच्या आत लांबी वाढवली, पण बाहेरची पट्टी तेवढीच राहिली. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. बाहेरची पट्टी ही एखाद्या क्लिपसारखीच असते. तिची सुरुवात आणि शेवट आपण ठरवलेले असतात आणि आत काही वाढले म्हणून ती बाहेरच्या क्लिपना ढकलत नाही. वाढलेला भाग हवा असल्यास पट्टीचे टोक ओढून लांबवावे. उलट, आत लांबी कमी केली, तर पट्टीच्या शेवटी काळे चित्र आणि शांतता उरते. टाइमलाइनवर त्या भागात तिरप्या रेघा दिसतात. एक्सपोर्ट करण्यापूर्वी संपूर्ण टाइमलाइनवरून या रेघांसाठी एकदा नजर फिरवावी.

नेस्टच्या टोकाला डिझॉल्व्ह लावला, तर शेवटची फ्रेम गोठते. उपाय काय?

डिझॉल्व्हला, म्हणजे एक चित्र विरघळत दुसरे उमटण्याला, दोन्ही बाजूंनी थोडे जादा चित्र लागते. मूळ क्लिपमध्ये ते कापलेल्या भागात शिल्लक होते, पण नेस्ट करताना फक्त टाइमलाइनवर दिसणारा भागच आतल्या सिक्वेन्सची लांबी ठरवतो, त्यामुळे नेस्टच्या टोकापलीकडे काहीच नसते. प्रीमिअर अपुऱ्या चित्राची सूचना देऊन तीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवतो.

शेवटच्या टोकासाठी आत जाऊन अखेरची क्लिप सेकंदभर लांबवली, की काम झाले. सुरुवातीच्या टोकाला अडचण आहे, कारण आतील पहिली क्लिप शून्यावरच बसलेली असते आणि तिला डावीकडे जागा नसते. तिथे आतील सर्व क्लिप निवडून सेकंदभर उजवीकडे सरकवाव्यात, पहिल्या क्लिपचे डावे टोक शून्यापर्यंत ओढावे, मग बाहेर येऊन ‘स्लिप’ टूलने पट्टीतील चित्र तेवढेच पुढे घ्यावे. हा नेस्ट आणखी कुठे वापरला असेल, तर तिथेही सेकंदभराचा फरक पडतो, हे ध्यानात ठेवावे.

अनेक कॅमेऱ्यांचे चित्रीकरण आणि नेस्ट यांचा संबंध कसा?

मल्टिकॅम हा नेस्टचाच एक प्रकार आहे. नाट्यगृहात तीन कॅमेऱ्यांनी टिपलेला नाटकाचा प्रयोग घ्या. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये तिन्ही क्लिप निवडून ‘क्रिएट मल्टि-कॅमेरा सोर्स सिक्वेन्स’ ही आज्ञा दिली आणि जुळवणी आवाजावरून करण्यास सांगितले, की प्रीमिअर तिन्ही चित्रे एका सिक्वेन्समध्ये एकावर एक रचतो. हीच रचना हाताने करून, नेस्ट करून, त्यावर ‘मल्टि-कॅमेरा’खालील ‘एनेबल’ दिले तरी चालते; तेव्हा सर्वांत खालचा ट्रॅक पहिला कॅमेरा, त्यावरचा दुसरा, असा क्रम लागतो. मग शिफ्टसह शून्य दाबून मल्टिकॅमची चौकट उघडावी, प्रयोग चालू करावा आणि १, २, ३ या कळांनी कॅमेरे बदलत जावे. दोन अंकी नाटकाचा पहिला कच्चा कट नाटकाच्या लांबीएवढ्याच वेळात तयार होतो, आणि ज्याने तो एकेक शॉट कापून केला आहे त्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

रंगदुरुस्ती कुठे करावी, हा यातील महत्त्वाचा मुद्दा आहे. दुसरा कॅमेरा किंचित हिरवट झाला असेल आणि त्याच्यावर दोनशे वेळा कट झाला असेल, तर दोनशे तुकड्यांवर तीच दुरुस्ती चिकटवत बसणे व्यर्थ आहे. कंट्रोल, किंवा मॅकवर कमांड, दाबून मल्टिकॅमच्या पट्टीवर डबल क्लिक केली, की आतील सिक्वेन्स टाइमलाइनवर उघडतो. तिथे दुसऱ्या कॅमेऱ्याच्या अखंड क्लिपवर एकदा दुरुस्ती केली, की ती सगळ्या तुकड्यांना लागते. कॅमेऱ्यांचा रंग एकमेकांशी जुळवणे आत, आणि प्रसंगाचा भाव बदलणारा रंग बाहेर, अशी माझी विभागणी आहे.

संकलन पक्के झाल्यावर ‘मल्टि-कॅमेरा’खालील ‘फ्लॅटन’ दिले, की पट्ट्यांच्या जागी मूळ क्लिप येतात. ते करण्यापूर्वी सिक्वेन्सची एक प्रत जपून ठेवावी, कारण दिग्दर्शकाचे ‘हे शेवटचे’ कधीच शेवटचे नसते.

नेस्टमध्ये आवाजही घ्यावा का?

शक्यतो घेऊ नये. आवाज नेस्टमध्ये गेला, की आतील सर्व ट्रॅक एकत्र मिसळून बाहेर एकच पट्टी दिसते. संवाद थोडा उचलायचा आणि मागचे संगीत थोडे दाबायचे, तर दरवेळी आत जावे लागते आणि आत असताना बाहेरचे संगीत ऐकू येत नाही. ऑल्ट दाबून फक्त चित्राचा भाग निवडावा आणि तेवढाच नेस्ट करावा. आवाज आपल्या ट्रॅकवर राहतो. चित्र आणि आवाज यांची जोडी त्यामुळे सुटते, ती ‘लिंक’ आज्ञेने पुन्हा बांधून घ्यावी.

आतील ॲडजस्टमेंट लेअर किंवा ब्लेंड मोडचा बाहेर परिणाम का होत नाही?

ॲडजस्टमेंट लेअर आपल्याखालच्या सर्व ट्रॅकना इफेक्ट देतो, तर ब्लेंड मोड एक चित्र खालच्या चित्रात कसे मिसळावे हे ठरवतो. दोन्ही गोष्टींना फक्त आपल्या सिक्वेन्समधील खालचे ट्रॅक दिसतात. मुख्य टाइमलाइनवर ‘मल्टिप्लाय’ने छान मिसळलेला जुन्या कागदाचा पोत एकटाच नेस्ट केला, तर आत त्याच्याखाली मिसळायला काहीच उरत नाही आणि बाहेर तो कागद सपाट चिकटवल्यासारखा दिसतो. नेस्टच्या पट्टीलाच पुन्हा ‘मल्टिप्लाय’ द्यावे. एरवी नेस्टमधील रिकामी जागा पारदर्शक राहते, काळी होत नाही.

नेस्ट उलगडून पुन्हा सुट्या क्लिप कशा मिळवाव्यात?

मी वापरलेल्या प्रीमिअरच्या आवृत्त्यांत यासाठी एका झटक्यात काम करणारी आज्ञा मला मिळालेली नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे नेस्ट उघडावा, आतील सर्व क्लिप कॉपी कराव्यात, बाहेर येऊन पट्टीच्या सुरुवातीवर प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरील वेळ दाखवणारी उभी रेघ, ठेवावा, हवा तो ट्रॅक निवडावा आणि पेस्ट करावे. खालच्या क्लिप पुसल्या जाऊ नयेत म्हणून वरचे रिकामे ट्रॅक निवडणे शहाणपणाचे ठरते. नेस्टच्या पट्टीवर लावलेले इफेक्ट आपोआप खाली उतरत नाहीत. ते ‘पेस्ट ॲट्रिब्यूट्स’ने द्यावे लागतात आणि मास्कसारख्या काही गोष्टी सुट्या क्लिपवर तशाच बसतील असे नाही.

रंगकार किंवा ध्वनिसंयोजक यांच्याकडे काम पाठवताना नेस्ट ठेवले, तर चालते का?

ठेवू नयेत. सीएमएक्स ३६०० प्रकारच्या ईडीएलमध्ये, म्हणजे कटांची यादी देणाऱ्या मजकूर फाइलमध्ये, मुळात चित्राचा एकच ट्रॅक मावतो. तिथे नेस्टच्या आत काय आहे हे सांगायला जागाच नाही. ध्वनिसंयोजकाला प्रत्येक संवाद सुटा आणि मागेपुढे थोडा जादा आवाज राखून हवा असतो, तो नेस्टच्या एकजीव पट्टीतून मिळत नाही. पाठवण्यासाठी सिक्वेन्सची वेगळी प्रत करावी, मल्टिकॅम ‘फ्लॅटन’ करावा, बाकीचे नेस्ट उलगडावेत आणि जे उलगडता येत नाहीत, उदाहरणार्थ वर सांगितलेली फोटोंची लंबगोल चौकट, ते प्रोरेससारख्या दर्जेदार स्वरूपात एक्सपोर्ट करून एका क्लिपने बदलावेत. सोबत पूर्ण फिल्मची टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेळ, दाखवणारी संदर्भप्रत द्यावी.

इतर सॉफ्टवेअरमध्ये याला काय म्हणतात?

फायनल कट प्रोमध्ये ‘कंपाउंड क्लिप’ म्हणतात. ऑप्शन आणि जी या कळांनी ती बनते, ‘ब्रेक अपार्ट क्लिप आयटम्स’ने सुटते आणि ‘रेफरन्स न्यू पेरेंट क्लिप’ने तिची स्वतंत्र प्रत होते. दाविंची रिझॉल्व्हमध्येही ‘कंपाउंड क्लिप’ आहे, शिवाय एक टाइमलाइन दुसरीत टाकता येते, आणि ‘डिकंपोज इन प्लेस’ ही उलगडण्याची आज्ञा आहे. मोफत मिळणाऱ्या केडेनलाइव्हमध्ये ही सोय २०२३ सालच्या २३.०४ या आवृत्तीपासून आली. आफ्टर इफेक्ट्समध्ये यालाच ‘प्रीकंपोज’ म्हणतात. तिथे ‘कोलॅप्स ट्रान्सफॉर्मेशन्स’ नावाचा एक स्विच आहे, जो चालू केल्यास आतील मूळ चित्राचे पिक्सेल बाहेरच्या झूमला उपलब्ध होतात. ४केच्या प्रश्नावरील हा सर्वांत देखणा इलाज, आणि प्रीमिअरमध्ये नेमका तोच हवा असे वाटत राहते.

नेस्टच्या आत नेस्ट किती पातळ्यांपर्यंत करावा?

सॉफ्टवेअर बरेच खोल जाऊ देते. फक्त एखादा सिक्वेन्स स्वतःच्याच आत टाकू देत नाही. मी दोन पातळ्यांवर थांबतो. त्यापुढे प्लेबॅक अडखळू लागतो आणि एखादी चूक नेमकी कुठल्या पातळीवर आहे, हे शोधण्यात वेळ जातो.

नेस्टना नावे कशी द्यावीत आणि प्रोजेक्ट पॅनेलमधील नको असलेले नेस्ट पुसावेत का?

‘नेस्टेड सिक्वेन्स ०१’, ‘०२’, ‘०३’ अशी आपोआप येणारी नावे तशीच ठेवली, तर चाळिसाव्या नेस्टनंतर प्रोजेक्ट म्हणजे नावाच्या पाट्या नसलेली चाळ होते. आज्ञा देतानाच नाव विचारले जाते, तेव्हाच ‘हळद_स्लोमोशन_५०’ असे काम, कृती आणि फ्रेम रेट सांगणारे नाव द्यावे आणि सगळे नेस्ट एका वेगळ्या बिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्ट पॅनेलमधील फोल्डरमध्ये, हलवावेत. ‘नेस्ट’ आज्ञेला मूळची शॉर्टकट कळ नाही, ती स्वतः नेमून घ्यावी.

पुसताना मात्र हात आखडता घ्यावा. प्रोजेक्ट पॅनेलमधून नेस्टचा सिक्वेन्स पुसला, की तो जिथे जिथे वापरला आहे तिथून पट्टीही नाहीशी होते. प्रीमिअर त्यापूर्वी विचारतो, पण रात्री दोन वाजता तो प्रश्न कोणी वाचत नाही. तसे झालेच, तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. प्रोजेक्ट बंद केला असेल, तर ‘ऑटो-सेव्ह’च्या फोल्डरमधील आधीची प्रत उघडून त्यातील तेवढा सिक्वेन्स चालू प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करावा. त्याच्या आतील नेस्ट आणि क्लिप त्याच्याबरोबरच येतात, त्यामुळे काही क्लिप पॅनेलमध्ये दोनदा दिसू लागल्या, तर त्याचे कारण हेच असते.